बंदच आहे, बोला

“पूजा झाली आणि लगेच असं झालं बघ,” काकू म्हणाल्या. “चांगलं दिसत होतं, ते बघता बघता काळं पडलं.”

“काकू, पूजेनं कॉम्प्युटर बिघडत नसतो,” मी म्हणालो आणि मोठ्यानं हसलो.

त्या दिवशी खंडेनवमी होती. फलटणला नाळे अप्पांच्या पुढच्या खोलीत, टेबलावर, तो कॉम्प्युटर नवरदेवासारखा नटून बसला होता. जुन्या डबा मॉनिटरच्या डोक्यावरून झेंडूची जाडजूड माळ सोडलेली. वर चिकटवलेला कॅमेरा त्या फुलांत पार बुडून गेला होता. मॉनिटरच्या खालच्या कडेला ओळीनं हळदीकुंकवाचे ठिपके. कीबोर्डपुढे दोन लिंबं. टेबलाखालचा सीपीयूचा डबा घरघरत होता, आणि पडदा मात्र काळाकुट्ट.

“मी रीतीनं केली पूजा,” अप्पा म्हणाले. “मशीन चालू ठेवून केली. बंद इंजिनाची पूजा करत न्हाईत. बटणाबटणाला दाबून बोट लावलं, एक सोडलं न्हाई.”

अप्पा एसटीच्या डेपोतून हेड मेकॅनिक म्हणून निवृत्त झाले होते. एकतीस वर्षं त्यांनी डेपोतली खंडेनवमी केली. तिथला शिरस्ता असा, की गाडी चालू ठेवायची, चाकाखाली लिंबू द्यायचं आणि प्रत्येक हत्याराला हळदीकुंकू लागलं पाहिजे, अगदी आठ नंबरचा पाना असला तरी. एकही वगळायचा नाही. निवृत्तीनंतर त्यांच्या घरात चालू स्थितीतलं मशीन म्हणावं असं हे एकच उरलं होतं, म्हणून दरवर्षी याची पूजा व्हायची.

अप्पांनी जे सांगितलं त्यावर शहाण्या माणसानं आणखी दोन प्रश्न विचारले असते. पण मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो, माझ्या दुकानावर ‘भोईटे कॉम्प्युटर्स’ अशी पाटी होती, आणि निम्म्या गावाचे कॉम्प्युटर मीच जोडले होते. प्रश्न गिऱ्हाइकानं विचारायचे आणि उत्तरं मी द्यायची, अशी माझी समजूत होती.

“होतंय की पाच मिनिटांत,” मी म्हणालो. भिंतीवरच्या घड्याळात सव्वातीन झाले होते.

“चार वाजता प्रमोद दिसणार हाय,” काकू म्हणाल्या. “चारच्या आत होईल न्हवं?”

“चारच्या कितीतरी आत.”

प्रमोद हा त्यांचा थोरला मुलगा आणि माझा बालवाडीपासूनचा मित्र. सिंगापूरला जहाजं दुरुस्त करायच्या गोदीत तो फिटर होता. अडीच वर्षांत एकदाही घरी आला नव्हता. दर आठवड्याला कॉम्प्युटरवर बोलायचा, काकूंना स्वतःचं तोंड दाखवायचा, जेवलो म्हणायचा. त्या आठवड्यात त्यानं मला मेल लिहिला होता. ‘दिवाळीला यावं म्हणतोय. नवमीला चार वाजता अप्पांना विचारणार आहे, येऊ का म्हणून. फोनवर नाही विचारणार. फोनवर ते हो म्हणतील. मला त्यांचं तोंड बघून विचारायचंय. त्यांच्या तोंडावर होकार असेल तर तिकीट काढतो, नसेल तर पुन्हा हा विषय नको.’

मी हे काकूंना सांगितलं होतं, आणि काकूंनी अप्पांना. म्हणून त्या दिवशी अप्पांनी दाढी केली होती आणि धुतलेला पांढरा सदरा घातला होता. काकू हिरवी साडी नेसल्या होत्या. म्हणजे खोलीतल्या तिघांनाही माहीत होतं की चार वाजता काय आहे.

मी मात्र रिकाम्या हातानं गेलो होतो. खंडेनवमी असल्यामुळे माझीही हत्यारं दुकानात पूजेला मांडली होती. पूजेतलं हत्यार दुसऱ्या दिवशीपर्यंत उचलायचं नाही, यावर आमच्या आईचा कटाक्ष. स्क्रू ड्रायव्हर, टेस्टर, जास्तीचा मॉनिटर, सगळ्यांपुढे उदबत्ती. एरवी मी खांद्यावर दुसरा मॉनिटर टाकून गेलो असतो आणि दोन मिनिटांत दुधाचं दूध, पाण्याचं पाणी झालं असतं. अप्पांचे पाने-पकडीही देवघरापुढे पाटावर होते आणि त्यांना हात लावायची माझी छाती नव्हती. मी सीपीयूचा डबा आठ आण्याच्या नाण्यानं उघडला.

आत अंधार. “काकू, टेबल लॅम्प आहे का?” काकूंनी आणला, पण भिंतीवरच्या विजेच्या बोर्डावर पिन खुपसायला जागा नव्हती. मी स्पीकरची पिन काढली आणि तिथं लॅम्प लावला. स्पीकरशिवाय काही अडत नव्हतं.

“खोडरबर आहे का?”

“कशाला?”

“मेमरीच्या पट्टीवर मळ बसतो. तो खोडरबरानं घासला की निम्मे कॉम्प्युटर चालू होतात.” हे खरं आहे. आमच्या धंद्यातली निम्मी अक्कल त्या खोडरबरात असते.

काकू आतल्या खोलीत गेल्या आणि बऱ्याच वेळानं एक पत्र्याची कंपासपेटी घेऊन आल्या. झाकणावर ब्लेडनं कोरलेलं नाव होतं, निलेश ह. नाळे. त्यांनी ती माझ्या हातात दिली नाही. स्वतः उघडली, अर्धं झिजलेलं खोडरबर काढलं, आणि पेटी पदराखाली धरून बसल्या.

निलेश म्हणजे धाकटा. तीन वर्षांपूर्वी लोणंद रस्त्यावर दोघं भाऊ मोटरसायकलवरून येत होते. प्रमोद चालवत होता, निलेश मागं. दिवेलागणीची वेळ. पुढं उसाची ट्रॉली उभी, तिला मागं ना दिवा ना लाल कागद. प्रमोदचा हात मोडला, डोक्यावर हेल्मेट होतं म्हणून तो वाचला. निलेशच्या डोक्यावर नव्हतं. घरात हेल्मेट एकच होतं.

त्यानंतर अप्पा प्रमोदला एका शब्दानं बोलले नाहीत. उलट जो भेटायला येईल त्याला तेच सांगायचे, “पोराची काय चूक? ट्रॉलीला दिवा नव्हता.” प्रमोदलाही तेच. सहा महिने तो घरात त्या वाक्याबरोबर राहिला आणि मग सिंगापूरची नोकरी धरून निघून गेला. अप्पांच्या मनात काय होतं हे कुणालाच कळलं नव्हतं. प्रमोदला तेवढंच कळून घ्यायचं होतं.

मी पट्टी घासली, बसवली, बटण दाबलं. डब्यातला पंखा फिरला. पडदा काळा.

पट्टी दुसऱ्या खाचेत बसवली. काळा. मॉनिटरची वायर काढली, पिना तपासल्या, फुंकर मारली, पुन्हा लावली. वायर काढली तरी काळा, लावली तरी काळा. डब्यातल्या बोर्डावरचा नाण्याएवढा सेल जागच्या जागी दाबून बघितला. काळा.

पावणेचार झाले. माझ्या कानामागून घामाची धार लागली होती.

“आपण फोनच लावू या का त्याला?” काकू म्हणाल्या. “म्हणावं, बिघडलंय, उद्या बघू.”

फोन तिथंच, कोनाड्यात होता. परदेशी लावायची सोयही होती. तेव्हा लावला असता तर? पण मी म्हणालो, “थांबा हो काकू, माझ्यावर विश्वास नाही का?” माझं नाक फार वर होतं. गावात माझ्या हातून कॉम्प्युटर सुरू झाला नाही असं कधी झालं नव्हतं, आणि ते नेमकं मित्राच्या घरी व्हावं हे मला सोसत नव्हतं.

मी सगळं पुन्हा काढलं, पुन्हा बसवलं, शेवटचं बटण दाबलं आणि मांडी घालून जमिनीवर बसलो. पंखा फिरत होता. डब्यावरचा हार्ड डिस्कचा तांबडा दिवा मधूनमधून फडफडत होता. तो मी पाहिला. यंत्र आतल्या आत सुरू होतंय असा त्याचा अर्थ असतो, हे मला झोपेतही सांगता आलं असतं. पण मी मनात एक निदान ठरवून टाकलं होतं, की बोर्डाचा डिस्प्लेचा भाग जळाला, आणि एकदा निदान ठरलं की डोळ्याला दुसरं काही दिसत नाही.

“डिस्प्ले गेलाय,” मी म्हणालो. “बोर्ड बदलावा लागणार. उद्या.”

काकूंनी साडीचा पदर उगीचच सारखा केला.

अप्पा मात्र उठले, टेबलापाशी वाकले आणि सीपीयूच्या डब्यावर तळहात ठेवून कान लावला. डेपोत इंजिनाला असाच कान लावताना मी त्यांना लहानपणी पाहिलं होतं. “चालू हाय रं हे,” ते म्हणाले. “आयडलला हाय.”

“पंखा फिरतोय अप्पा, म्हणजे चालू आहे असं नसतं.”

“पंखा कळतो मला.” ते तसेच वाकून राहिले. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून दोन-एक मिनिटं झाली होती. “आत्ता बघ. आत्ता लोड घेतला त्यानं. आवाज बदलला का न्हाई?”

“अप्पा, ही एसटी नाही,” मी वैतागून म्हणालो. तोंडावर पडलेला माणूस जसा बोलतो तसा बोललो. अप्पा मुकाट्यानं जाऊन खुर्चीत बसले.

चार वाजून पाच झाले.

“बघत बसला असंल तिकडं,” काकू म्हणाल्या. “म्हणंल, यांनी मुद्दामच लावलं न्हाई.”

“मुद्दाम कशाला लावू न्हाई? मी काय न्हाई म्हणणार होतो त्याला?” अप्पा म्हणाले.

“तोंडानं न्हाई म्हणाला नसता. पण तो तोंड बघणार होता तुमचं.”

“माझ्या तोंडाला काय झालंय?”

“तीन वर्सं झाली, तो समोर आला की तुम्ही त्याच्याकडं बघत न्हाई. भितीकडं बघून बोलता. पोराला कळत न्हाई व्हय? एकदा काय असंल ते बोलून मोकळं व्हा आणि मग त्याला ये म्हणा. त्यानं तिथं कुढायचं, तुम्ही हितं कुढायचं. मी दोघांकडं बघून मरायचं.”

अप्पांचा जबडा हलत होता. त्यांनी काळ्या पडद्याकडं पाहिलं, मग माळेकडं, जिथं कॅमेरा होता तिकडं. गेली दोन वर्षं त्या कॅमेऱ्यापुढे ते जपूनच बसायचे.

“हे बंद हाय न्हवं?” त्यांनी मला विचारलं.

मला वाटलं, काकूंचं बरोबर आहे. आत्ता या घरच्या घरी ते सगळं ओकून टाकतील, तर उद्या प्रमोदपुढं स्वच्छ तोंडानं बसतील. मी अगदी मनापासून म्हणालो, “बंदच आहे अप्पा. बोला.”

आणि अप्पा बोलले.

“हेल्मेट एकच होतं,” ते म्हणाले. “थोरला होता ना तो? धाकटा मागं बसलाय, उघड्या डोक्यानं. थोरल्यानं काढून त्याच्या डोक्यावर ठिवायचं का स्वतः घालून बसायचं? मी हजार लोकांना सांगितलं, पोराची चूक न्हाई. आरं, कशी न्हाई? त्याला बघितलं की मला ते हेल्मेटच दिसतं. ओरखडासुद्धा न्हाई त्याच्यावर. तो दारातनं येईल आणि मला वाटंल, हा आला, तो न्हाई आला. कसं म्हणू ये म्हणून? नको यायला. तिकडंच ऱ्हाऊ दे. माझ्यानं न्हाई व्हायचं.”

काकूंनी तोंडात पदर कोंबला. अप्पांचा आवाज इतका चढला होता की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. मग ते थांबले. पंखा घरघरत होता.

“झालं?” काकू शेवटी म्हणाल्या.

“झालं,” अप्पा म्हणाले.

साडेचारला मीच म्हणालो, “फोन लावू या आता. तो वाट बघत असेल.” अप्पा माझ्या आधी उठले. “मी लावतो,” म्हणाले. चष्मा लावून त्यांनी डायरीतला लांबलचक नंबर एकेक आकडा वाचत फिरवला आणि रिसीव्हर कानाला धरला.

“वाजतोय,” ते म्हणाले.

फोन वाजत राहिला. तिकडं कुणी उचलत नव्हतं. अप्पा रिसीव्हर कानाला तसाच धरून उभे होते, आणि एकाएकी त्यांचे खांदे हलायला लागले.

“मीच सांगितलं होतं त्याला,” ते म्हणाले. आमच्याकडं बघून नाही, कोनाड्याकडं बघून. “चालवणाऱ्यानं घालायचं. ड्रायव्हर शाबूत तर गाडी शाबूत. डेपोत एकतीस वर्सं हेच सांगितलं, घरात बी हेच सांगितलं. हेल्मेट आणलं त्या दिवशी दोघांना समोर उभं करून सांगितलं. जो चालवंल त्यानं घालायचं, वाद घालायचा न्हाई. त्या पोरानं माझं ऐकलं. माझं ऐकलं म्हणून ते जिवंत हाय, आणि मी त्यालाच…”

“अहो…” काकू उठल्या.

“उचल की रं,” अप्पा फोनात म्हणाले. “उचल बाबा. ये म्हणायचंय तुला.”

रिंग संपली. त्यांनी पुन्हा लावला. दुसऱ्यांदा पुरती वाजली. तिसऱ्यांदा लावला तेव्हा पलीकडून बाई इंग्रजीत काहीतरी सांगायला लागली. प्रमोदनं फोन बंद केला होता.

“कामात असंल,” काकू म्हणाल्या. “उद्या लावू.” त्यांच्या चेहऱ्यावर इतक्या दिवसांत पहिल्यांदा मी बरं वाटल्याची खूण पाहिली. ओकायचं ते ओकून झालं होतं आणि आता आत काही उरलं नव्हतं, असं त्यांना वाटलं असावं. काकू अप्पांना हाताला धरून मागच्या अंगणात घेऊन गेल्या, तोंड धुवायला.

मी खोलीत एकटाच होतो. सीपीयू बंद करून दुकानात न्यावा म्हणून मी माळ उतरवली, लिंबं बाजूला ठेवली. मॉनिटरवरचं कुंकू दुसऱ्या दिवशीपर्यंत सुकून चिकटून बसेल, म्हणून रुमाल ओला करून ते पुसायला लागलो. खालच्या कडेचा पहिला ठिपका पुसला आणि त्याच्याखालून बारीक हिरवा उजेड आला.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. मॉनिटरच्या कडेला एक बारीक दिवा असतो. कॉम्प्युटरकडून चित्र येत नसेल तर तो नारिंगी होतो. चित्र येत असेल तर हिरवा. कुठलाही मेकॅनिक आधी तो दिवा बघतो. मला तो दिसला नव्हता, कारण अप्पांनी कुणालाच वगळलं नव्हतं, दिव्यालासुद्धा नाही.

मी पुढचे ठिपके पुसले. चार बटणं. त्यांतलं दुसरं बटण उजेड कमी करायचं, चौथं रंगाचा गडदपणा कमी करायचं. बोट दाबून धरलं की पडदा विझत विझत काळा होतो. मी त्यांच्या शेजारची, वाढवायची दोन बटणं दाबून धरली आणि माझ्यासमोर पडदा हळूहळू उजळला.

बोलण्याचा प्रोग्राम उघडाच होता. तो उघडा असणारच, कारण मीच तशी सोय करून दिली होती. काकूंना माऊस धरता यायचा नाही, म्हणून यंत्र सुरू झालं की तो प्रोग्राम आपोआप उघडायचा, आणि प्रमोदचा कॉल आला की कुणी काही न करता आपोआप उचलला जायचा, कॅमेऱ्यासकट. काकूंनी फक्त खुर्चीत येऊन बसायचं. या युक्तीचा मला इतका अभिमान होता की मी ती आणखी चार घरांत बसवून दिली होती. आवाज आमच्याकडं आला नाही, कारण स्पीकरची पिन मी काढली होती. आमचा आवाज मात्र कॅमेऱ्यातल्या माइकमधून जात होता.

पडद्यावर प्रमोदच्या नावापुढं कॉलची नोंद होती. चार वाजून दोन मिनिटांनी सुरू. बारा मिनिटं.

मी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघून हिशेब केला, दोनदा केला. चार वाजून दोन, म्हणजे अप्पांनी डब्याला कान लावला होता आणि ‘लोड घेतला’ म्हणाले होते तेव्हा. चार वाजून चौदा, म्हणजे हेल्मेटबद्दलचं सगळं झालं होतं. फोनजवळचं बोलणं साडेचारच्या पुढचं. पहिलं सगळं त्यानं ऐकलं होतं आणि दुसरं काहीच नाही. ज्यांचं तोंड बघायला तो बसला होता त्यांच्या जागी त्याला बारा मिनिटं नुसता झेंडूचा केशरी रंग दिसला असणार.

अंगणात चुळा भरल्याचा आवाज येत होता. मी ती नोंद पुसून टाकली. आपोआप कॉल उचलायची सोय बंद केली. मग बटण दाबून पडदा पुन्हा काळा केला, आणि सीपीयू काखेत मारून निघालो. दुसऱ्या दिवशी परत आणून दिला, कॉल उचलायचं बटण काकूंना दाखवलं आणि सांगितलं, बोर्ड बदलला.

मी प्रमोदला दसऱ्यालाच सगळं लिहिलं. फोनजवळ अप्पा काय म्हणाले ते शब्दाला शब्द लिहिलं. चौथ्या दिवशी उत्तर आलं.

‘गजा, तुझाही आवाज ऐकला मी. तूच म्हणालास ना, बंदच आहे, बोला? मी हॅलो हॅलो म्हणून ओरडत होतो, पण तुमच्यापर्यंत पोचत नव्हतं. मग ते बोलायला लागले तसा मी गप्प झालो. कुणी ऐकत नाही असं वाटल्यावर ते जे बोलले तेच खरं, नाही का? नंतरचं तू सांगतोयस. तू माझा मित्र आहेस, तू असंच सांगणार. मी ऐकलं हे त्यांना कधी कळू देऊ नकोस. तेवढं तरी कर.’

मी पुन्हा लिहिलं, पुन्हा पुन्हा लिहिलं. आईची शपथ घातली. काही महिन्यांनी मेल परत यायला लागले. त्यानं नंबर बदलला, गोदी बदलली, पुढं देशही बदलला असं उडत उडत कळलं. घरी त्यानं एकच पत्र पाठवलं होतं, कामाचा फार ताण आहे, वेळ मिळाला की बोलेन. चार वर्षांनी अप्पा गेले तेव्हा त्याच्या जुन्या गोदीतल्या एकाला गाठून मी निरोप पोचवला. तो आला नाही.

या गोष्टीला आता सोळा वर्षं झाली. पण जे सांगायचं ते अप्पा जायच्या महिनाभर आधीचं आहे.

त्यांची एक बाजू लुळी पडली होती. कॉट पुढच्याच खोलीत, टेबलाशेजारी लावली होती. कॉम्प्युटर रोज दुपारी साडेतीनला सुरू व्हायचा. काकू चांगली साडी नेसून समोरच्या खुर्चीत बसायच्या आणि साडेचारला उठायच्या. चार वर्षं हा नेम चुकला नव्हता. मी अधूनमधून जाऊन आतली धूळ पुसून द्यायचो. त्या दिवशीही तेवढ्यासाठीच गेलो होतो.

“गजा,” अप्पांनी हाक मारली. जीभ जड झाली होती, पण शब्द कळत होते. “एक इचारू? खरं सांगशील?”

“विचारा की.”

“त्या नवमीला… ते काळं पडलं होतं… तवा मशीन चालू होतं का रं?”

मी हातातलं फडकं पुन्हा कीबोर्डवरून फिरवायला लागलो.

“एकतीस वर्सं मी आवाजावर गाडी वळखली,” ते म्हणाले. “त्यानं लोड घेतला होता. माझ्या हाताला लागला. चार वर्सं झाली, माझ्या कानातनं जात न्हाई त्यो आवाज. पोरानं ऐकलं का रं ते?”

काकू खुर्चीतून मान वळवून माझ्याकडं बघत होत्या. मला प्रमोदचा मेल आठवला. तेवढं तरी कर. मी स्वतःला सांगितलं की मित्राचा शब्द राखतोय. अप्पांवर दया करतोय, असंही सांगितलं. पण खरं म्हणजे मी भ्यालो होतो. त्या घरात मी केलेली गोष्ट माझ्या तोंडानं सांगायची मला भीती वाटली.

“नाही अप्पा,” मी म्हणालो. “बंदच होतं.”

अप्पांनी चांगला हात उचलून कानाला लावला आणि पुन्हा खाली ठेवला.

“मंग कानच गेला म्हणायचा माझा,” ते म्हणाले. डोळे मिटले. मला वाटलं, झोप लागली. पण थोड्या वेळानं ते मिटल्या डोळ्यांनीच बोलले.

“त्यानं काही ऐकलं न्हाई, तर मंग तो बोलत का न्हाई रं?”

जे उत्तर होतं ते मी आत्ताच नाकारलं होतं. काकूंनी मान पुन्हा पडद्याकडं वळवली आणि पदर सारखा केला. चार वाजायला दहा मिनिटं होती.